तोखारींची साक्ष

रविवारच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवर आलेले एक चित्र मला दाखवले. वाळवंटात सापडलेले एका स्त्रीचे सुकलेले प्रेत, उंच नाक, लांब केस, डोक्यावर पीस खोचलेली लोकरीची टोपी. खाली मजकूर होता की हे चीनमधले तोखारी लोक, गोरेपान आर्य, चार हजार वर्षांपूर्वीचे, आणि बौद्ध धर्म आशियात पसरवला तो यांनीच. पोराच्या चेहऱ्यावर अभिमानही होता आणि शंकाही. बाजूला बसलेले आमचे एक जुने कार्यकर्ते तावातावाने म्हणाले, "आर्य कसले? ते आपलेच नागवंशी होते!" दोघांनाही मी एकच विचारले : पुरावा काय? वकिलीत इतकी वर्षे गेल्यावर ही खोड जात नाही. दोघांकडेही पुरावा नव्हता. मग पुढचे दोन रविवार आम्ही याच विषयाला दिले, आणि जे समजले ते वाचकांपुढेही ठेवावेसे वाटले.

आज ज्या प्रदेशाला चीन सरकार शिनजियांग म्हणते, त्याच्या दक्षिण भागात तकलामकान नावाचे मोठे वाळवंट आहे. त्याच्या कडेकडेने, डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर, जुन्या काळी लहान लहान राज्ये नांदत होती. उत्तरेकडच्या वाटेवर कुचा, अग्नी (ज्याला पुढे काराशहर म्हटले गेले) आणि तुर्फान. चीनकडून पश्चिमेला जाणारे रेशमाचे तांडे इथूनच जात आणि भारताकडून निघालेले भिक्खू इथूनच चीनला पोचत. या राज्यांत इसवी सनाच्या साधारण पाचव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत ज्या दोन भाषा लिहिल्या गेल्या, त्यांना विद्वान 'तोखारी अ' आणि 'तोखारी ब' म्हणतात. 'अ' ही अग्नी आणि तुर्फानकडची, 'ब' ही प्रामुख्याने कुचाची. लिपी आपली ब्राह्मी. भाषा मात्र आपली नाही, चिनी नाही, तुर्कीही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या लिखाणाची पाने बाहेर येऊ लागली तेव्हा मोठी अडचण झाली. अक्षरे वाचता येत होती, पण अर्थ लागत नव्हता. पुढे १९०२ ते १९१४ या काळात जर्मनांच्या चार मोहिमा तिकडे गेल्या, फ्रेंचांचा पॉल पेलियो गेला, इंग्रज, रशियन, जपानी गेले. पेट्याच्या पेट्या भरून हस्तलिखिते युरोपात पोचली. १९०८ साली बर्लिनमध्ये एमिल झीग आणि विल्हेल्म झीगलिंग या दोघांनी सिद्ध केले की ही भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातली आहे, पण त्या कुळातल्या कोणत्याही ज्ञात शाखेत बसत नाही. ती स्वतंत्रच शाखा आहे.

हे नेमके कशावरून ठरले, हे सांगितले पाहिजे. तोखारी 'ब' मध्ये वडिलांना पाचेर म्हणतात, आईला माचेर, भावाला प्रोचेर, मुलीला त्काचेर. संस्कृतातले पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ आठवा. घोडा म्हणजे याक्वे, मध म्हणजे मित. चिनी भाषेत मधाला जो शब्द आहे तो याच 'मित'वरून गेला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि शंभराला शब्द आहे कन्ते. ह्या एका शब्दाने पंडितांची झोप उडवली. तोवरची मांडणी अशी होती की या भाषाकुळाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे आहेत. पूर्वेकडे शंभराला 'श'काराचा शब्द, जसे संस्कृतात शत, आणि पश्चिमेकडे 'क'काराचा, जसे लॅटिनमध्ये केन्तुम. आता ही तोखारी भाषा तर सगळ्यांच्या पूर्वेला, चीनच्या उंबऱ्यावर, आणि तिच्यात 'क'! सुबक नकाशा एका शब्दाने फाटला.

आता नावाकडे वळू. 'तोखारी' हे नावच मुळात शंकास्पद आहे. ज्यांची ही भाषा त्यांनी स्वतःला तोखारी म्हटल्याचा भक्कम पुरावा नाही. एका जुन्या उइगुर ग्रंथाच्या शेवटी असे लिहिलेले होते की हा ग्रंथ 'तोग्री' भाषेतून केला आहे. १९०७ साली म्यूलर नावाच्या जर्मन पंडिताने हा शब्द ग्रीकांच्या 'तोखारोई'शी आणि आपल्याकडच्या 'तुखार'शी जोडला. पण ग्रीकांचे तोखारोई राहत होते आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, बाख्त्रियात, आणि तिथली लेखी भाषा इराणी कुळातली होती. कुचाचे लोक आपल्या भाषेला कुचावरूनच 'कुशिञ्ञे' म्हणत. तरीही पुस्तकात एकदा छापले गेलेले नाव शंभर वर्षे उलटली तरी हटत नाही. महसुली दप्तरात एकदा चुकीचे नाव चढले की ते काढायला काय यातायात पडते, हे आमच्या अशिलांना विचारा.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेला भाग वेगळाच आहे. तो आहे लाकडी परवान्यांचा. पेलियोला कुचाच्या परिसरात लाकडाच्या छोट्या पट्ट्या सापडल्या. त्यांवर धर्म नाही, काव्य नाही. घाटातल्या नाक्यावरच्या शिपायाला वरच्या अधिकाऱ्याने दिलेले हुकूम आहेत. अमुक माणूस येत आहे, त्याच्याबरोबर इतकी माणसे, इतकी गाढवे, इतके घोडे. एवढ्यांना जाऊ द्यावे, याहून जास्त सोडू नये. आणि वर राजाचे नाव व त्याच्या कारकिर्दीचे वर्ष. १९१३ साली सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच विद्वानाने त्या पट्ट्यांवरचे राजाचे नाव उचलले आणि चिनी राजवंशांच्या इतिहासात शोधले. कुचाचा राजा सुवर्णदेव, काळ सातव्या शतकाचा पूर्वार्ध. नाव जुळले, काळ जुळला, ठिकाण जुळले. अशा रीतीने सिद्ध झाले की 'तोखारी ब' ही कुचाच्या राज्याची रोजच्या कारभाराची भाषा होती. दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या देशांत, एकमेकांना न विचारता लिहिलेले कागद जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा कोणतेही न्यायालय ते मान्य करते. असा पुरावा मला हवा होता.

मोबाईलवरच्या चित्राचे काय? ती प्रेते खरी आहेत. १९८० साली लौलान भागात सापडलेली स्त्री तर जगप्रसिद्ध झाली. पण काळ बघा. ती जुनी प्रेते सुमारे पावणेचार-चार हजार वर्षांपूर्वीची, आणि तोखारीतली पहिली लिहिलेली ओळ जेमतेम पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीची. मध्ये दोन हजार वर्षांहून मोठी दरी. प्रेताच्या तोंडात कोणती भाषा होती हे प्रेत सांगत नाही. तरी नाक आणि केस पाहून लोकांनी निकाल देऊन टाकला. त्यात भर पडली ती कुचाजवळच्या किझिल लेण्यांतल्या चित्रांची. तिथे लाल केसांचे, कमरेला तलवारी लावलेले दाते रंगवलेले आहेत. झाले! भाषा आर्य, केस लाल, म्हणून वंश आर्य.

२०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात या प्रेतांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तारिम खोऱ्यातल्या इ.स.पू. २१०० ते १७०० या काळातल्या १३ व्यक्तींची तपासणी त्यात आहे. निष्कर्ष असा की हे लोक बाहेरून घोड्यावर बसून आलेले कोणी नव्हते. अतिप्राचीन काळापासून आशियाच्या त्या भागात असलेल्या, फार काळ इतरांत न मिसळलेल्या एका स्थानिक समूहाचे ते वंशज होते. गंमत अशी की रक्ताने एकटे असलेले हे लोक जगण्यात मुळीच एकटे नव्हते. त्यांच्याकडे पश्चिमेकडचे दूधदुभते होते, गहू होता आणि चीनकडची बाजरीसारखी धान्येही होती. म्हणजे 'गोरे आर्य' म्हणून ज्यांचे फोटो फिरवले जातात, त्यांच्याबाबत मूळ दावाच ढासळला. तोखारी भाषा या खोऱ्यात कोणी आणि केव्हा आणली, याचा शोध अजून चालू आहे. बरेच अभ्यासक दक्षिण सैबेरियातल्या आणखी जुन्या अफानासिएवो लोकांकडे बोट दाखवतात. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या नागवंशालाही यात कुठे जागा नाही, हे त्यांनी नाराजीने का होईना मान्य केले. या प्रेतांवरून चीन सरकार आणि उइगुर राष्ट्रवादी यांच्यातही ओढाताण झालीच. मेलेल्यांचा सातबारा ज्याच्या नावावर, जमीन त्याची, अशी ही समजूत.

बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला तेव्हा जनुकांचे शास्त्र नव्हते. तरी त्यांनी पाश्चात्य पंडितांच्या आर्यवंशाच्या सिद्धांताची जी उलटतपासणी केली, तिचा गाभा हाच आहे की भाषा एक म्हणून वंश एक, हे गृहीतक सिद्ध झालेले नाही. ते आधी मान्य करून मग त्यावर इमारत बांधली आहे. ऋग्वेदात आर्य हा शब्द वंशाच्या अर्थाने येत नाही, हेही त्यांनी दाखवले. त्यांच्या काही निष्कर्षांबद्दल नंतरच्या संशोधनाने वेगळे सांगितले आहे. भारतात मध्य आशियातून माणसे आली, असे २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने म्हटले आहे. ते मान्य करायला आपण कचरू नये. पण माणसे येणे वेगळे, आणि आलेल्यांचा एक श्रेष्ठ वंश होता असे म्हणणे वेगळे. यातल्या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध बाबासाहेबांनी केलेला युक्तिवाद तारिमच्या वाळूत पुन्हा एकदा खरा ठरला.

मग या लोकांशी आपले नाते कोणते? रक्ताचे तर दिसत नाही. नाते आहे ते धम्माचे.

कुचाचे सर्वांत मोठे नाव कुमारजीव. जन्म सुमारे ३४४. वडील कुमारायण भारतातून गेलेले, आई जीवा कुचाच्या राजाची बहीण. मुलगा सात वर्षांचा असताना आई भिक्खुणी झाली आणि मुलगाही संघात गेला. पुढे चिनी सेनापती ल्यू ग्वांगने कुचा जिंकले आणि कुमारजीवाला लुटीच्या मालासारखे बरोबर नेले. सतरा वर्षे त्याला लिआंगचौमध्ये अडकून पडावे लागले. अखेर ४०१ मध्ये तो चांगआनला पोचला आणि उरलेल्या दहाबारा वर्षांत त्याने सद्धर्मपुंडरीक, विमलकीर्तिनिर्देश, वज्रच्छेदिका असे ग्रंथ चिनीत आणले. छपाईची तारीख असलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून ८६८ सालची जी वज्रच्छेदिका लंडनमध्ये जपून ठेवली आहे, ती याच कुचाच्या माणसाने केलेली आहे. चीन, जपान, कोरियातले कोट्यवधी लोक आजही त्याचेच शब्द म्हणतात.

६३० च्या सुमारास ह्युएन त्सांग भारताकडे येताना अग्नी आणि कुचातून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की कुचात शंभरावर विहार होते आणि पाच हजारांवर भिक्खू; लिपी भारताची, थोडा फेरफार केलेली; आणि वाद्यसंगीतात इथल्या लोकांचा हात धरणारा कोणी नाही. शहराच्या पश्चिम दरवाजाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती होत्या आणि तिथे दर पाच वर्षांनी महासभा भरे. हाच प्रवासी पुढे दहाएक वर्षांनी आपल्या महाराष्ट्रातही आला. तेव्हा एकाच माणसाच्या डोळ्यांनी कुचाचे विहारही पाहिले आणि महाराष्ट्रातलेही.

आता एक प्रश्न. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, कांबोज, पारद, पह्लव, चीन अशी यादी आहे. हे मूळचे क्षत्रिय, पण ब्राह्मणांचे दर्शन सुटले, क्रिया लोपल्या म्हणून वृषल झाले, असा निवाडा तिथे आहे. म्हणजे सीमेपलीकडच्या माणसाला ब्राह्मणी धर्मशास्त्रात एवढीच जागा होती. त्याच सीमेपलीकडच्या कुचातल्या माणसाला तथागताच्या संघात आचार्याचे आसन मिळाले. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, ती पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

कुचाच्या लोकांनी धम्म घेतला, पण आपली भाषा टाकली नाही. विनयपिटकात प्रसंग आहे : ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक वळणात बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी नाकारली आणि आपापल्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. बुद्धघोषाने टीकेत याचा अर्थ फक्त बुद्धाची मागधी असा केला आहे, हे मला ठाऊक आहे. पण कायद्याचे कलम लोकांनी प्रत्यक्षात कसे वापरले यालाही अर्थ लावताना वजन असते. कुचात विहारातले मूळ ग्रंथ संस्कृतात होते, सर्वास्तिवादी परंपरेचे. ते तिथल्या भिक्खूंनी सोडले नाहीत. पण उदानवर्गाची अशी पाने मिळाली आहेत की एक शब्द संस्कृत, लगेच त्याचा तोखारी अर्थ, पुन्हा संस्कृत, पुन्हा तोखारी. समोर कोणी शिकाऊ श्रामणेर बसला आहे आणि गुरुजी त्याला शब्द फोडून सांगत आहेत, असे ते पान वाटते.

धम्माला त्यांनी स्वतःचा शब्द घडवला : पेलैक्ने. 'पेले' म्हणजे नियम, कायदा. 'याक्ने' म्हणजे रीत. कायद्याची रीत म्हणजे धम्म! पेशाने वकील असल्यामुळे मी या शब्दावर थोडा जास्तच खूश झालो, हे कबूल करतो. एक गोष्ट मात्र आपल्याला खटकेल. बुद्धाला त्यांनी दिलेल्या नावात, पञ्ञक्ते, देव या अर्थाचा शब्द जोडलेला आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते चालणार नाही. पण ती त्यांच्या काळाची समज होती. इतिहास आपल्या सोयीने धुऊन घ्यायचा नसतो.

त्यांचे साहित्य नुसते पोथ्यांचे नव्हते. 'अ' भाषेत पुण्यवंत राजपुत्राची कथा आहे. त्यात एका यंत्रकाराने लाकडाची हलणारी मुलगी करून चित्रकार पाहुण्याला फसवले, तर चित्रकाराने भिंतीवर स्वतः गळफास घेतल्याचे चित्र काढून यंत्रकाराला फसवले, असा मजेदार प्रसंग आहे. मैत्रेयावरचे मोठे नाटक आहे. 'ब' भाषेत एक प्रेमकविताही सापडली आहे. आणि विहारांचे हिशेब आहेत : धान्य किती आले, तेल किती खर्ची पडले, मद्य कोणाला दिले, मेंढी किती. विहारात मद्याचा हिशेब कशाला, हा प्रश्न आमच्या वर्गात लगेच आला! शेती आणि देणग्या असलेला विहार म्हणजे एक आर्थिक संस्थाच होती, तिचे देणेघेणे मालाने चालत असे, इतकेच मी सांगू शकलो. पण त्या कारकुनाने खरे तेच लिहून ठेवले, म्हणून आज चौदाशे वर्षांनी आपण त्याला प्रश्न विचारू शकतो.

ही भाषा मेली कशी? कोणी तिच्या बोलणाऱ्यांची एका दिवसात कत्तल केल्याचा दाखला नाही. ६४८ मध्ये तांग सैन्याने कुचा घेतले. ८४० नंतर उत्तरेकडून तुर्की भाषा बोलणारे उइगुर येऊन स्थायिक झाले. हळूहळू बाजारात, दरबारात, घरात त्यांची भाषा आली, आणि अकराव्या शतकाच्या सुमारास कुशिञ्ञे बोलणारे कोणी उरले नाही. माणसे मात्र तिथेच राहिली आणि येणाऱ्यांत मिसळून गेली. उइगुर तेव्हा बौद्ध झाले आणि मैत्रेयाचे ते नाटक त्यांनी तोखारीतून आपल्या भाषेत आणले, 'मैत्रिसिमित' नावाने. म्हणजे मावळत्या भाषेने जाताजाता आपले ओझे पुढच्या भाषेच्या खांद्यावर ठेवले. ज्या ग्रंथाच्या शेवटी 'तोग्री' हा शब्द मिळाला, तो हाच ग्रंथ. पुढे इस्लाम आला आणि विहार ओस पडले.

वाळूने जे राखले ते नंतर माणसाने विसकटले. किझिलच्या भिंतींवरची चित्रे जर्मन मोहिमेतल्या ल कॉकने करवतीने कापून बर्लिनला नेली. त्याच मोहिमांतला ग्र्यूनवेडेल याला ते पसंत नव्हते. चित्रे जागेवर ठेवून रेखाटून घ्यावीत असे त्याचे म्हणणे. मोठी चित्रे बर्लिनच्या संग्रहालयात भिंतीत पक्की बसवली होती, ती दुसऱ्या महायुद्धात हलवता आली नाहीत आणि बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. शोध मात्र थांबला नाही. १९७४ साली यानची इथे, म्हणजे जुन्या अग्नीत, मैत्रेय नाटकाची आणखी ४४ पाने सापडली. ती वाचली जी श्यानलिन यांनी, ज्यांनी तरुणपणी जर्मनीत खुद्द झीगकडे तोखारी शिकली होती. १९९८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीच्या आसपास, त्यांनी ते काम प्रसिद्ध केले. भारत सरकारने २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले, पण आपल्याकडे किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे?

आमच्या वर्गात या दोन रविवारांनंतर एक बदल झाला. आम्ही पंचशील पालीत म्हणतो, लहानपणापासून पाठ आहे. फळ्यावर 'वेरमणी' हा शब्द लिहून मी अर्थ विचारला, तर वर्गभर शांतता. आता आम्ही कुचाच्या त्या पानासारखे करतो : एक शब्द पाली, त्याखाली मराठी. 'वेरमणी'खाली काय लिहावे यावर बराच वाद झाला. कोणी 'विरती' म्हणाले, कोणी 'परावृत्त राहणे'. शेवटी मोबाईलवाल्या त्याच पोराची आई, जी मागे बसून भाजी निवडत ऐकत होती, म्हणाली, "अहो, दूर राहणं लिहा की." तेच लिहिले.